शेफील्डचे पदभ्रमण मंडळ

सुटीच्या दिवशी चार कुटुंबांनी एकत्र जमावे, शिदोरी बांधून गावाबाहेर जावे, दिवसभर झाडाखाली अथवा डोंगरावर घालवून दिवेलागणीस घरी परतावे, यांत इतिहास लिहिण्याजोगे असे काय आहे, असा प्रश्न एखाद्या वाचकाने केल्यास तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. कार्तिकातले आवळीभोजन, श्रावणातली वनभोजने, मंडळाच्या वार्षिक सहली या गोष्टी आपल्या घराघरांतून चालत आल्या आहेत. पण त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही व ठेवावी असे कोणास वाटतही नाही. इंग्लंडमधील एका पोलादाच्या शहरात मात्र अशाच रविवारच्या सहलींतून एक मंडळ उभे राहिले. त्या मंडळाने आपल्या सहलींची टिपणे छापून ठेवण्याचा परिपाठ सुमारे साठ वर्षे चालविला, आणि त्या चालण्याचा व त्या टिपणांचा प्रभाव पुढे त्या देशाच्या कायद्यापर्यंत जाऊन पोहोचला. त्या मंडळाची हकीकत ज्ञातिबांधव व भगिनी यांच्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे. आम्ही स्वतः तो मुलूख पाहिलेला नाही. जे वाचले, ताडून पाहिले आणि खरे वाटले, तेवढेच येथे सांगत आहोत.

शेफील्ड हे नाव आपल्या जुन्या पिढीस अपरिचित नव्हते. चाकू, कात्री, वस्तरा यांच्या पात्यावर ते कोरलेले असे, आणि 'शेफील्डचा आहे' एवढे सांगितले की मालाची परीक्षा संपत असे. पश्चिमेकडे थोड्या अंतरावर मँचेस्टर, म्हणजे ज्या शहराच्या कापडाने आपल्या मागांची धडधड थांबविली ते शहर. एकीकडे भट्ट्यांचा धूर व दुसरीकडे गिरण्यांचा धूर, आणि या दोहोंच्या मध्ये 'पीक' नावाने ओळखला जाणारा डोंगराळ प्रदेश. त्यातील सर्वांत उंच पठार किंडर स्काउट हे होय. त्याची उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. परंतु डोंगराचे मोठेपण केवळ उंचीवर ठरत नाही. आपल्याकडील सड्यासारखे ते विस्तीर्ण, उघडे, वाऱ्याचे पठार आहे. अंगावर हेदर नावाची जांभळ्या फुलांची खुरटी झुडपे व पायांखाली शतकानुशतके कुजलेल्या वनस्पतींची काळी, भिजकी माती. आठवड्याचे सहा दिवस भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसास त्या मोकळ्या वाऱ्याचे मोल काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अडचण ही होती की तो डोंगर डोळ्यांस दिसे, पण पायांस मना होता. याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पूर्वी इंग्लंडमध्ये खेड्याभोवती आपल्या गायरानासारखी सामाईक जमीन असे. गुरे चारणे, सरपण व जळणाची माती काढणे हे हक्क गावकऱ्यांस वहिवाटीने असत. इ. स. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने एकामागून एक असे ५,२०० हून अधिक कायदे करून यांतील सुमारे ६८ लाख एकर जमिनीस कुंपणे घातली व ती मोठ्या जमीनदारांच्या नावे लावून दिली. किंडरच्या बाजूची गायराने १८३० ते १८४० च्या दरम्यान अशी वाटली गेली. पुढे तेथील धनिकांत ग्राउझ नावाच्या तित्तिरासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा षोक वाढला. १२ ऑगस्टपासून १० डिसेंबरपर्यंत ही शिकार चाले, परंतु पक्षी बुजू नयेत म्हणून पठारावर बारा महिने कोणास फिरकू देत नसत. काठ्या घेतलेले राखणदार पहाऱ्यास असत. 'अतिक्रमण करणारावर खटला भरला जाईल' अशा पाट्या जागोजागी ठोकलेल्या होत्या. गंमत अशी की तेथील कायद्यात केवळ दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा फौजदारी गुन्हाच नव्हता. मालकास फार तर दिवाणी दावा लावता येई. म्हणून चालणारी मंडळी या पाट्यांस लाकडी थापाडे म्हणत असत. तथापि राखणदाराची काठी काही लाकडी थाप नव्हती.

या डोंगरांतून जाणाऱ्या जुन्या पाऊलवाटांची गोष्ट निराळी होती. वाट ही वहिवाटीची, आणि वहिवाट मालकास मोडता येत नाही, हे तत्त्व तेथेही मान्य होते. आपल्या वाचकांपैकी ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. बांधावरून जाणारी शेताची वाट शेजाऱ्याने अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते, आणि अशा दाव्यांत आयुष्याची पंधरा वर्षे घालविलेली माणसे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. इंग्लंडमध्येही वाटा हळूहळू बंद होत गेल्या. एकाने फाटक लावावे, दुसऱ्याने नांगर फिरवावा, आणि वीस वर्षांनी येथे वाट होती हे सांगणाराच हयात नसावा, असा तो क्रम. त्यास विरोध करण्यासाठी मँचेस्टरात १८२६ सालीच एक वाटा-रक्षण संस्था निघाली होती. १८९४ साली पीक प्रदेशासाठी दुसरी संस्था निघाली, आणि १८९७ साली तिने वाटाघाटी करून हेफील्ड गावापासून स्नेक इन नावाच्या पथिकाश्रमापर्यंतची डोंगरवाट सर्वांस खुली करून घेतली. लंडनकडे लेस्ली स्टीफन या विद्वान गृहस्थांनी १८७९ पासून लेखक, वकील, प्राध्यापक अशा मित्रांस घेऊन रविवारचे पदभ्रमण सुरू केले होते. पण तो बैठकीतल्या लोकांचा शिष्ट मेळावा. कामगारांचे मंडळ निघण्यास अजून अवकाश होता.

तो योग दोन गोष्टींनी आला. १८९४ साली शेफील्ड व मँचेस्टर यांना जोडणारा डोंगरांतला नवा लोहमार्ग उतारूंस खुला झाला, आणि ईडेल या किंडरच्या पायथ्याच्या खेड्यास स्थानक मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे एक वृत्तपत्र. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांनी १८९१ साली मँचेस्टरात 'क्लॅरियन' नावाचे साप्ताहिक काढले. क्लॅरियन म्हणजे तुतारी. कामगारवर्गात ते अतिशय लोकप्रिय झाले आणि त्याच्या वाचकांनी गावोगाव गायनाची, सायकलींची मंडळे काढली. शेफील्डमधील जॉर्ज हर्बर्ट ब्रिजेस वॉर्ड या चोवीस वर्षांच्या यंत्रकामगाराने १९०० साली त्यात एक लहानशी जाहिरात दिली की ज्यांस पायी फिरावयास यावयाचे असेल त्यांनी अमुक दिवशी स्थानकावर जमावे. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी चौदा माणसे जमली. आगगाडीने ईडेलला उतरून त्यांनी किंडरला वळसा घातला. हेफील्डकडून तीन वर्षांपूर्वी खुली झालेली तीच डोंगरवाट त्यांनी धरली, आणि दिवसभरात सुमारे २० मैलांची मजल मारून ती मंडळी रात्री घरी परतली. शेफील्ड क्लॅरियन रॅम्बलर्स या मंडळाची स्थापना ती हीच. अध्यक्षीय भाषण नाही, उद्घाटनाची फीत नाही.

चौदा जणांचे मंडळ टिकले कसे, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. उत्साहाने निघालेली आणि दुसऱ्या पावसाळ्यात विरलेली मंडळे आपण पुष्कळ पाहिली आहेत. वॉर्ड यांनी प्रारंभापासून दोन गोष्टी धरून ठेवल्या. वर्षभराचा कार्यक्रम आगाऊ छापावयाचा, आणि प्रत्येक सहलीस एक पुढारी नेमावयाचा. कार्यक्रमाची ही पुस्तिका प्रार्थनेच्या पोथीएवढी, कोटाच्या खिशात मावणारी असे. कोणत्या रविवारी कोणत्या गाडीने निघावयाचे, कोठे उतरावयाचे, कोणत्या वाटेने किती मैल चालावयाचे, चहा कोठे मिळेल व परतीची गाडी कोणती, हे सर्व त्यात असे. पुढाऱ्याने ठरल्या दिवशी हजर राहिलेच पाहिजे, मग पाऊस असो की हिम. माणूस दोन आले तरी चालावयाचे. वॉर्ड यांची अशी श्रद्धा होती की डोंगरांत चालण्याची सवय लागली म्हणजे मनुष्य एकंदरीनेच सुधारतो. हे त्यांचे मत शिक्षक या नात्याने आम्हांस पटते, जरी सहलीहून परतल्यावर काही विद्यार्थी पूर्वीपेक्षा अधिक वांड झालेलेही आम्ही पाहिले आहेत.

पुढारी पुढे आणि एक भरवशाचा माणूस सर्वांच्या मागे, अशी पद्धत अशा मंडळांतून रूढ झाली व ती आजतागायत चालू आहे. पुढारी ती वाट आधी एकदा एकट्याने अथवा एखाद्या सोबत्यासह चालून पाहतो. कोणता ओढा फुगला आहे, कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्या मोडल्या आहेत काय, कोणत्या शेतात बैल सोडला आहे, हे तो हेरून ठेवतो. पिछाडीच्या माणसाने कोणासही आपल्या मागे राहू द्यावयाचे नाही. वाट फुटते तेथे सर्वांनी थांबावयाचे व माणसे मोजावयाची. आम्ही शाळेच्या सहली नेत असू तेव्हा एक शिक्षक शेपटास ठेवीत असू, आणि आपल्या वारीत चोपदार दिंडीचा क्रम राखतो. चालण्याचे शास्त्र सर्वत्र एकच दिसते.

मंडळाचे काम केवळ पायांचे नव्हते. सहलीत एखाद्या टेकाडावर विसावा घेताना कोणी तरी कविता अथवा उतारा वाचून दाखवी, त्या जागेचा इतिहास सांगितला जाई, गाणी होत. संध्याकाळी शेतकऱ्याच्या घरी अथवा पथिकाश्रमात एकत्र चहा होई. स्त्रियांस मंडळाची दारे मोकळी होती, ही गोष्ट त्या काळच्या मानाने लहान नव्हे. रविवारी देवळात न जाता डोंगर धुंडाळणाऱ्या या मंडळींवर धर्मनिष्ठ शेजाऱ्यांची वक्रदृष्टी असे, परंतु कामगारास दुसरा दिवस होता कोठे? मैत्री जमली, सोयरिकी जुळल्या, बेकारीच्या दिवसांत धीर मिळाला. ज्यास आपण समाजकार्य म्हणतो ते त्यांनी वेगळे फलक लावून केले नाही. आठ-दहा तास शेजारी शेजारी चालल्यावर माणूस आपले सुखदुःख आपसूकच बोलू लागतो.

यावर एडवर्ड कार्पेंटर यांच्या विचारांची छाया होती. हे लेखक शेफील्डजवळच्या मिलथॉर्प नावाच्या खेड्यात राहत. साधी राहणी, श्रमाची प्रतिष्ठा व निसर्गाचा सहवास यांचा ते पुरस्कार करीत, आणि वॉर्ड त्यांस फार मानीत. आपल्या वाचकांस सांगण्याजोगी गोष्ट अशी की हे कार्पेंटर १८९० च्या सुमारास सिलोन व हिंदुस्थान यांच्या प्रवासास आले होते. त्यांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनाच्या नावातच आपल्या घारापुरीचा उल्लेख आहे, आणि ते पुस्तक १८९२ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या धक्क्यावरून होडीत बसून घारापुरीची लेणी पाहणाऱ्या गृहस्थाचा शेफील्डच्या रविवारच्या सहलींशी असा दुरून का होईना संबंध पोहोचतो.

वॉर्ड यांच्या ठायी इतिहासाची जी ओढ होती, ती आम्हांस या सर्व हकीकतीतील सर्वांत मोलाची बाब वाटते. शिक्षण बेताचेच, पण दर वर्षीच्या पुस्तिकेत कार्यक्रमाशेजारी ते वाटांचा, खेड्यांचा, स्थलनामांचा इतिहास लिहू लागले. त्यासाठी जुने नकाशे पाहावेत, सरकारी दप्तरे चाळावीत, वृद्ध शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्या आठवणी टिपून घ्याव्यात, असा त्यांचा क्रम असे. कार्यक्रमपत्रिका वाढत वाढत ग्रंथ झाली. त्या डोंगरांतून पूर्वी मीठ, लोकर, शिसे यांची वाहतूक ओझ्याच्या तट्टांवरून होई, जशी आपल्या घाटांतून लमाणांच्या बैलांवरून होत असे. मंद प्रकाशात व धुक्यात वाट चुकू नये म्हणून डर्बीशायरच्या न्यायाधिकाऱ्यांनी १७०९ साली चौरस्त्यांवर दगडी खांब उभारविले होते व त्यांवर बाजारगावांची नावे कोरविली होती. हे खांब कोठे पडले आहेत, कोणाच्या फाटकास लावले गेले आहेत, याचा शोध अशा अभ्यासकांनी घेतला. किंडरच्या चढावर 'जेकबची शिडी' म्हणून एक जागा आहे. नाव ऐकून बायबलातील कथा आठवते. परंतु तेथे खरोखरीच अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा तट्टे हाकणारा शेतकरी राहत असे. त्याने चढावर पायऱ्या खोदल्या, तट्टांस वळणाने जाऊ द्यावे व आपण सरळ चढून वर थोडी विश्रांती घ्यावी म्हणून. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण ज्यांनी पाहिला असेल, त्यांस अशा माहितीचे महत्त्व सहज कळेल. दगड सर्वांस दिसतो, पण त्यावरून किती पावले गेली हे कोणी सांगितल्यावाचून कळत नाही.

आणि यात नुसती हौस नव्हती. वाट पूर्वापार होती हे सिद्ध झाले की ती मालकास बंद करता येत नसे. म्हणजे पुस्तिकेतील प्रत्येक टिपण हा एक पुरावा होता. पुढे १९३२ साली पार्लमेंटने वहिवाटीच्या वाटांसंबंधी कायदा केला. वीस वर्षे लोक एखाद्या वाटेने उघडपणे व विनाहरकत जात असतील तर ती सार्वजनिक धरावी, असे त्यात ठरले. अशा वेळी अमुक वर्षी, अमुक रविवारी, अमुक वाटेने मंडळ गेले, ही छापील नोंद किती कामाची, हे कोर्टाची पायरी चढलेल्या वाचकास सांगावयास नको.

वॉर्ड केवळ दप्तरी मनुष्य होते असे मात्र समजू नये. वाट नसलेल्या पठारावरही ते जात, आणि राखणदारांशी त्यांचे खटके उडत. १९२३ साली किंडरच्या मालकाने त्यांच्यावर न्यायालयामार्फत मनाई बजावली. पण एकट्यादुकट्या मंडळाचे बळ अपुरे पडते हे ओळखून १९२६ साली शेफील्ड परिसरातील मंडळांचा संघ स्थापन झाला, त्यातही ते अग्रभागी होते. १९२७ साली रटलंडच्या ड्यूकने शहराजवळची लाँगशॉची शिकारीची जमीन विकावयास काढली, तेव्हा एथेल गॅलिमोर या बाईंनी पुढाकार घेऊन वर्गणी जमविली आणि १९३१ साली ती जमीन नॅशनल ट्रस्ट या लोकोपयोगी संस्थेच्या स्वाधीन झाली. या कामीही पदभ्रमण मंडळांनी हातभार लावला. ट्रस्टच्या हाती गेलेली जमीन पुन्हा खाजगी हाती जाण्याचे भय फारसे उरत नाही.

आता ज्या दिवसामुळे किंडरचे नाव सर्वत्र झाले त्याकडे वळू. २४ एप्रिल १९३२, रविवार. बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या मँचेस्टरच्या तरुणाने व त्याच्या कामगार क्रीडा संघाने जाहीर केले होते की आपण सर्वांनी मिळून उघडपणे किंडरवर जावयाचे. हेफील्डजवळच्या दगडाच्या खाणीत सुमारे ४०० माणसे जमली. ईडेलच्या बाजूने शेफील्डची काही मंडळी त्यांस मिळण्यासाठी वर चढली. मध्यावर राखणदारांशी धक्काबुक्की झाली आणि एका राखणदाराच्या पायास इजा झाली. परतताना पोलिसांनी धरपकड केली. डर्बीच्या न्यायालयात जुलैमध्ये खटला चालला. ज्यूरीत अनेक लष्करी हुद्देदार. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची सजा झाली, आणि तीही अतिक्रमणाबद्दल नव्हे, तर दंगा, मारहाण अशा आरोपांखाली. पठारावर पाऊल टाकणे हा गुन्हाच नव्हता, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

पदभ्रमण मंडळांच्या संघांनी या मोहिमेस अगोदरच विरोध दर्शविला होता. जमीनदारांशी चाललेली बोलणी यामुळे बिघडतील, असे त्यांचे म्हणणे. यावरून पुढे पुष्कळ वाद झाला. कोणी म्हणतात, रॉथमनच्या त्या एका दिवसाने जे केले ते संघांच्या पन्नास वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनी झाले नाही. आमचे मत थोडे निराळे आहे. सजा कठोर झाल्यामुळे देशभर सहानुभूती उसळली, हे खरे. त्याच उन्हाळ्यात कॅसलटनजवळच्या विनॅट्स खिंडीत सुमारे १०,००० माणसांची सभा भरली, हेही खरे. परंतु ही दहा हजार माणसे आकाशातून पडली नव्हती. तीस वर्षे रविवारमागून रविवार लोकांस डोंगरांची गोडी लावणारी मंडळे नसती, तर खिंड रिकामी राहिली असती. तुरुंगात गेलेल्या मुलांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. ज्यांनी विरोध केला त्या संघांनी त्या मुलांविषयी अधिक औदार्य दाखवावयास हवे होते, असेही आम्हांस वाटते. पण इतिहासाने रॉथमनचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे आणि वॉर्ड यांच्या पुस्तिकांस तळटीप द्यावी, हा न्याय नव्हे.

यानंतरचा घटनाक्रम थोडक्यात सांगतो. १९३५ साली सर्व मंडळांची मिळून रॅम्बलर्स असोसिएशन ही देशव्यापी संस्था झाली. डोंगरांत जाण्याच्या हक्काचे विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ सालीच मांडले होते. ते पंचावन्न वर्षे रखडून १९३९ साली मंजूर झाले खरे, पण इतके मोडूनतोडून की काही परिस्थितीत अतिक्रमण हा उलट गुन्हा ठरावा अशी तरतूद त्यात घुसली. युद्धामुळे ते कागदावरच राहिले. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १७ एप्रिल १९५१ रोजी पीक हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने आपल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करावा असे ठरविले. त्या नकाशांसाठी गावोगाव वाटा चालून पाहण्याच्या कामी पदभ्रमण मंडळांचे सभासद उपयोगी पडले. १९५४ साली ईडेल येथे उद्यानाचे पहिले रक्षक नेमले गेले. ज्या गावी पूर्वी काठीवाले लोकांस हाकलीत, तेथे लोकांस वाट दाखविणारे पगारी नोकर आले. २४ एप्रिल १९६५ रोजी, म्हणजे किंडरच्या त्या रविवारास बरोबर तेहतीस वर्षे झाली त्या दिवशी, ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी २६८ मैलांची पेनाइन वे ही वाट विधिपूर्वक खुली झाली. तिची कल्पना टॉम स्टीफन्सन यांनी १९३५ साली एका वृत्तपत्रात मांडली होती.

वॉर्ड यांस या मोठ्या वाटेचे उद्घाटन पाहावयास मिळाले नाही. पण त्यांच्या हयातीत एक प्रसंग घडला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४५ साली शेफील्डच्या पदभ्रमण करणाऱ्यांनी वर्गणी करून लूझ हिल या टेकडीच्या माथ्यावरील ५४ एकर जमीन विकत घेतली व तिचे खरेदीखत वॉर्ड यांस अर्पण केले. जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकल्याबद्दल ज्यास हटकले गेले, तो मनुष्य एका माथ्याचा मालक झाला. आणि त्याने ती जमीन लागलीच नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. 'वॉर्ड्स पीस', म्हणजे वॉर्ड यांचा तुकडा, या नावाने ती आजही ओळखली जाते. १९५७ साली शेफील्ड विद्यापीठाने त्यांस सन्मान्य एम्. ए. ही पदवी दिली, आणि त्याच वर्षी ते निवर्तले. महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्या मनुष्यास केवळ पाऊलवाटांच्या अभ्यासासाठी विद्यापीठाने पदवी द्यावी, यात आमच्यासारख्या मॅट्रिकवाल्यांस किती समाधान वाटते ते काय सांगावे!

आज त्या देशात रॅम्बलर्सची शेकडो स्थानिक मंडळे आहेत. त्यांचा कार्यक्रम वाचला की वॉर्ड यांच्या पुस्तिकेचाच वंश ओळखू येतो. अमुक मैल, चढ सोपा की कठीण, शिदोरी बरोबर आणावी, पावसाळी अंगरखा विसरू नये. कोणी मंद चालणारांसाठी चार मैलांची सहल ठेवतो, कोणी सायंकाळची. नाताळात एकत्र जेवण होते, कधी आठवडाभराचा मुक्काम होतो. निवृत्त माणसांचा भरणा विशेष असतो. अनेक मंडळांत दोनचार जण करवत, कोयते घेऊन वाटांवरची झुडपे साफ करण्यास व मोडक्या पायऱ्या दुरुस्त करण्यास जातात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांस आठवड्यातून एक दिवस हाक मारणारे कोणी मिळते. हे काम वृत्तपत्रांत येत नाही.

२००० साली नवा कायदा होऊन पठारे, माळ, गायराने यांवर वाट सोडूनही पायी हिंडण्याचा हक्क इंग्लंड व वेल्स येथे मान्य झाला, आणि पीक प्रदेशात तो १९ सप्टेंबर २००४ पासून अंमलात आला. त्याआधी, २००२ साली, किंडरच्या प्रसंगास सत्तर वर्षे झाली तेव्हा डेव्हनशायरच्या ड्यूकने समारंभास येऊन आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. रॉथमन त्याच वर्षाच्या जानेवारीत वारले होते. तीन महिन्यांनी चुकामूक झाली. तथापि हक्क मिळाला तो मर्यादितच. इंग्लंडच्या एकंदर भूमीपैकी सुमारे आठ टक्के भूमीसच तो लागू आहे. उरलेल्या मुलखात पायी चालणाऱ्याची सारी भिस्त वहिवाटीच्या वाटांवर, म्हणजे इंग्लंड व वेल्स मिळून सुमारे १,४०,००० मैलांच्या जाळ्यावर आहे.

आणि येथेच जुना झगडा पुन्हा उभा राहिला. त्याच २००० सालच्या कायद्यात एक कलम असे होते की १९४९ पूर्वीच्या ज्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत अधिकृत नकाशावर चढणार नाहीत, त्यांवरील हक्क संपुष्टात यावा. पुढे ही मुदत २०३१ पर्यंत वाढविण्यात आली. १९५० नंतर जेव्हा नकाशे झाले तेव्हा कोठे गावपंचायतीने आळस केला, कोठे जमीनदारच पंचायतीत बसला होता, कोठे वाट इतकी नित्याची की ती लिहावी असे कोणास सुचलेच नाही. २०२० साली रॅम्बलर्सच्या स्वयंसेवकांनी जुने व नवे नकाशे शेजारी ठेवून चौकोन चौकोन ताडून पाहिले, तेव्हा नकाशातून गळालेल्या संभाव्य वाटांची लांबी ४९,००० मैलांहून अधिक भरली. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारने ही मुदतच रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. पण मुदत गेली तरी पुरावा देण्याचे काम सुटत नाही. प्रत्येक वाटेसाठी स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र कागदपत्रे, स्वतंत्र चौकशी.

म्हणून आजही पदभ्रमण मंडळांतील काही सभासद आठवड्यातील एखादा दिवस डोंगरावर न जाता जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन बसतात. त्यांच्यापुढे असतात ती बहुधा कुंपणबंदीच्या काळचीच भेंडोळी. ज्या कागदांनी गावाचे गायरान काढून घेतले, त्याच कागदांत वाटणीदारांनी 'येथून चार फूट रुंदीची पायवाट सर्वांसाठी राहील' अशा अर्थाची कलमे लिहून ठेवलेली सापडतात. सभासद ती उतरवून घेतात, नकाशाशी ताडतात, आणि येत्या रविवारच्या सहलीत त्या वाटेचे तोंड कोठे दिसते ते पाहावयाचे ठरवितात.